ओला ब्रश

उशीच्या अभ्र्यावर गुलाबी डाग दिसला तेव्हा मी आधी ओरडले. माझी पद्धतच ती. आधी ओरडायचं, मग काय झालंय ते बघायचं. रविवार होता, मशीन लावायचं होतं आणि मी मुलीच्या पलंगावरची चादर ओढत होते. "ओठांना रंग फासून झोपतेस का गं आता?" असं म्हणत मी अभ्रा उजेडाकडे धरला. मुलगी दारात उभी होती. म्हणाली, "सरबत असेल अम्मी. काल इफ्तारला सांडलं होतं."

मी नेरूळला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढायचं काम करते. सोळा वर्षं झाली. लोक मला ताई म्हणतात, सिस्टर म्हणतात, एक आजोबा तर मला बघितलं की "आली डासीण" म्हणतात आणि मुकाट्याने हात पुढे करतात. रक्त ओलं असताना कसं दिसतं, वाळल्यावर कसं दिसतं, थुंकीत मिसळून कापडावर पसरलं की त्याची कड कशी तपकिरी होते, हे मला कुणी शिकवायला नको. सरबताला तशी कड येत नाही.

मी दुसऱ्यांदा ओरडले नाही. अभ्रा गुंडाळून बादलीत टाकला, स्वयंपाकघरात गेले आणि काही कारण नसताना टोपलीतले कांदे बाहेर काढून ठेवले. 

मी एवढी का घाबरले, ते आधी सांगते. दोनेक वर्षांपूर्वी आमच्या लॅबमध्ये एक बाई तिच्या मुलीला घेऊन आली होती. मुलगी पंधरा-सोळाची, पाठीवर कॉलेजची बॅग. दातांच्या डॉक्टरांची चिठ्ठी होती. हिरड्यांतून रक्त येतं, थकवा आहे, रक्त तपासून घ्या. मी रक्त काढलं, काचेच्या पट्टीवर थेंब ओढला, रंगवला. रिपोर्ट आमच्या डॉक्टर मॅडम बघतात आणि सही त्याच करतात, पण पट्टी नीट रंगली की नाही एवढं बघायला मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावतेच. त्या दिवशी लावला आणि लगेच काढला. पांढऱ्या पेशी तुरळक दिसायला हव्यात, तिथे मोठ्या, कच्च्या पेशींची नुसती गर्दी झाली होती. बाहेर तिची आई बाकावर बसली होती. मला बघून तिने विचारलं, "ताई, हिरडीचंच आहे ना?"

मी म्हणाले, "रिपोर्ट संध्याकाळी मिळेल."

त्या दोघींचं पुढे काय झालं मला ठाऊक नाही. मॅडमनी त्यांना कॅन्सरच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. जाताना आई तिचा जेवणाचा डबा बाकावरच विसरली. तो आमच्या कपाटावर कित्येक दिवस होता, कुणी न्यायला आलं नाही. तेव्हापासून चिठ्ठीवर हिरडी आणि रक्त हे दोन शब्द जवळ दिसले की माझी नजर त्या कपाटाकडे जाते.

आणि आता ते माझ्या घरात, माझ्या मुलीच्या उशीवर आलं होतं.

रमजान निम्म्याहून पुढे गेला होता. मुलगी चौदा वर्षांची, नववीत. आधीच्या वर्षांत ती हौसेने पहिला रोजा ठेवायची, एखादा मधला, एखादा शेवटचा. त्या वर्षी तिने जाहीर केलं की सगळे ठेवणार. बायकांना महिन्याचे चार दिवस सुटी असते, ते सोडले तर तिने खरंच एकही चुकवला नव्हता. समोर परीक्षा, रात्री जागून अभ्यास, पहाटे सेहरीचं खायला उठायचं, तरी तक्रार नाही. मी कौतुक लपवणारी बाई नाही. रोज संध्याकाळी खजूर तोंडात टाकायच्या आधी मी उरणकडच्या गावात माझ्या अम्मीला फोन लावायचे आणि आज किती झाले ते सांगायचे. अम्मी म्हणायची, "माझ्यावर गेली हाय पोर." लॅबमध्ये सांगितलं, सोसायटीतल्या बायकांना सांगितलं, दोन्ही नणंदांना तर मुद्दाम सांगितलं, कारण त्यांची पोरं दुपारी गुपचूप वेफर्स खातात हे मला माहीत होतं.

एक गोष्ट मात्र मी कुणाला सांगितली नव्हती. मुलीच्या तोंडाला वास येत होता.

आमच्यात रोजेदाराच्या तोंडाच्या वासाला कुणी नाव ठेवत नाही. उपाशी तोंडाचा तो वास अल्लाला आवडतो, हे आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. अम्मी आम्हाला दुपारनंतर मिसवाकची काडीसुद्धा दाताला लावू द्यायची नाही. म्हणायची, "तो वास तुजा नाय, त्याचा हाय. रव दे." त्यामुळे मुलगी जवळ येऊन बोलायला लागली आणि वासाचा भपकारा आला की मी मान थोडी वळवायचे, आणि वळवली म्हणून स्वतःलाच रागवायचे. मनात म्हणायचे, रोजा लागलाय पोरीला. अगदी खरं सांगायचं तर मला त्याचाही अभिमान वाटायचा. तो वास साध्या उपवासाचा नव्हता. नाक मलाही आहे, आणि लॅबमध्ये काम करणाऱ्या बाईचं नाक तसं तयार असतं. पण मी त्या नाकाला गप्प बसवलं.

त्या रविवारी कांदे परत टोपलीत भरल्यावर मी बाथरूममध्ये गेले आणि मुलीच्या ब्रशवर अंगठा फिरवला. ही माझी जुनी सवय. ती आठ वर्षांची असताना दात न घासता "घासले" म्हणून पकडली गेली होती. तेव्हापासून मी रोज सकाळी ब्रश तपासते. ओला असला तर ठीक, कोरडा असला तर रामायण. अलीकडे दात घासताना तिच्या दुसऱ्या हातात मोबाइल असतो, दोनदा इकडे, दोनदा तिकडे की झालं, यावरून आमचं रोज वाजायचं. हिरड्यांतून जरा रक्त यायचं ते रमजानच्या आधीपासून, आणि "नीट घासत नाहीस म्हणून येतं" हे मीच तिला सुनावलं होतं. पण निदान घासते, एवढं समाधान होतं.

ब्रश ओला होता. म्हणजे दात रोज घासले जात होते. म्हणजे रक्त येण्याचं कारण दातांत नव्हतं. मग ते कुठे होतं, याचं एकच उत्तर माझ्याकडे होतं आणि ते मी एकदा डोळ्यांनी बघितलं होतं.

पुढचे तीन दिवस मी मुलीकडे आईसारखं बघितलंच नाही, पेशंटकडे बघावं तसं बघितलं. चेहरा पांढरा पडला होता. शाळेतून आली की आडवी व्हायची. इफ्तारला भजी, समोसा काही घ्यायची नाही. दुधात पाव बुडवून हळूहळू गिळायची आणि "भूक नाही" म्हणायची. दिवसभर उपाशी असलेल्या मुलीला भूक नाही? नडगीवर एक निळा डाग होता. मी विचारलं तर म्हणाली, पलंगाचा कोपरा लागला. कपाळाला हात लावला तर अंग कोमट. मी मोबाइलला विचारलं, आणि मोबाइलने मला जे माहीत होतं तेच अजून चार वाईट शब्द घालून सांगितलं. मी तो उशाखाली पालथा ठेवला आणि थोड्या वेळाने परत काढून तेच वाचलं.

नवरा उरणजवळ द्रोणागिरीला एका गोदामात कामाला आहे. कंटेनर आले, कंटेनर गेले, यापलीकडे तो कशाने हलत नाही. म्हणाला, "परीक्षा आहे, झोप नाही, त्यात रोजे. दमणारच ना? तू उगाच टेन्शन घेते." मला त्याच्या डोक्यात काहीतरी घालावंसं वाटलं आणि त्याच वेळी त्याचं म्हणणं खरं असावं म्हणून मी मनात दुआ करत होते.

मुलीला मी सरळ विचारलं नाही. "रक्त येतंय का गं?" एवढाच प्रश्न होता. दिवसभरात पन्नास अनोळखी लोकांना उलटसुलट विचारणाऱ्या मला तो विचारता येत नव्हता. विचारलं आणि ती "हो" म्हणाली तर काय, ही भीती होती. ती माझ्या नजरेला नजर देत नव्हती, आणि मी तिच्या. वन बीएचकेच्या घरात आम्ही दोघी एकच रक्त एकमेकींपासून लपवत फिरत होतो.

बुधवारी दुपारी मी तिला शाळेतूनच लॅबमध्ये घेऊन गेले. "हिमोग्लोबिन बघू, बाकी काही नाही," असं म्हणाले. लिफ्टमध्ये ती म्हणाली, "नको अम्मी. रोजा तुटेल."

"एवढंसं रक्त काढून नाही तुटत. मी काय रमजानमध्ये दुकान बंद ठेवते का?"

तिला खुर्चीत बसवलं, दंडाला पट्टा बांधला. ती खाली बघत होती. मग तिने अगदी हळू विचारलं, "बाहेर आलेलं चालतं ना?"

"हो."

"आणि आत गेलेलं?"

"आत कुठे काय घालतेय मी? काढतेय फक्त. मूठ आवळ."

तिने मूठ आवळली. ओठही आवळून घेतले. तो प्रश्न तिने किती दिवस धरून ठेवला असेल, आणि किती धीर करून सोडला असेल, याचा विचार आला की आजही मला जेवण जात नाही. मला तेव्हा फक्त शीर दिसत होती. आणि तीही पहिल्या टोचणीत सापडली नाही. सोळा वर्षांत तान्ह्या बाळांच्या शिरा सापडल्या, डायलिसिसच्या म्हाताऱ्यांच्या सापडल्या, आणि पोटच्या पोरीची चुकली. दुसऱ्यांदा लागली. जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त चढायला लागलं. गडद, चांगलं दिसत होतं. पण त्या दुसऱ्या मुलीचंही नळीत चांगलंच दिसलं होतं.

मुलीला बाहेर बसायला सांगितलं. ती त्याच बाकावर जाऊन बसली, डब्याच्या बाकावर. मी पट्टी ओढली, रंगवली, धुतली, वाळायला ठेवली. हात सवयीने चालत होते. पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि मग मला डोळा लावता येईना. मॅडम आत रिपोर्टवर सह्या करत होत्या. मी त्यांना जाऊन म्हणाले, "माझ्या मुलीची आहे. तुम्हीच बघा." त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि चष्मा कपाळावर सरकवून उठल्या.

मॅडम बोलणाऱ्या बाई नाहीत. पट्टी बघताना त्यांचा उजवा हात खालच्या बटणावर असतो आणि पट्टी हळूहळू सरकते. मी त्या हाताकडे बघत उभी होते.  हात एका जागी थांबला, पुढे गेला, परत थांबला. माझ्या डोक्यात त्या आईचा आवाज चालला होता. ताई, हिरडीचंच आहे ना? हिरडीचंच आहे ना?

"काही नाही," मॅडम म्हणाल्या. "पेशी सगळ्या चांगल्या आहेत. पांढऱ्या थोड्या वाढल्यात, कुठेतरी इन्फेक्शन आहे. हिमोग्लोबिन जरा कमी, ते या वयात सगळ्याच पोरींचं असतं." मग चष्मा खाली घेत त्यांनी विचारलं, "तुला नेमकी कसली शंका होती?"

"हिरड्यांतून रक्त येतंय."

"मग तोंड बघितलंस का तिचं?"

मी बघितलं नव्हतं. तीन दिवस मी तिची नडगी बघितली, कपाळ बघितलं, नखं बघितली, रक्तातली एकेक पेशी बघायला लावली, आणि "आ कर गं" असं एकदाही म्हणाले नव्हते. रोजेदार पोरीचं तोंड उघडून त्याचा वास घ्यायचा, हे माझ्या मनातच आलं नाही. मॅडमसमोर मला लाज वाटली, आणि आनंदही इतका झाला होता की मी रडत रडत हसले. तो आनंद खालच्या मजल्यावर पोहोचेपर्यंत टिकला.

खालच्या मजल्यावर दातांचा दवाखाना आहे. डॉक्टर तरुण बाई आहेत, आमचे पेशंट त्यांच्याकडे आणि त्यांचे आमच्याकडे असं चालतं. त्यांनी मुलीला खुर्चीत आडवं केलं, दिवा तोंडावर आणला आणि "मोठा आ" म्हणाल्या. मास्क असूनही त्यांची मान किंचित मागे गेली. मी खुर्चीच्या बाजूला उभी राहून वाकले.

खालच्या पुढच्या दातांमध्ये हिरडीची जी छोटी टोकं असतात, ती नव्हती. कुरतडून खाल्ल्यासारखी गेली होती. जिथे असायला हवी तिथे राखाडी साय धरली होती. डॉक्टरांनी कापसाचा बोळा नुसता टेकवला आणि तो लाल झाला. मुलीने डोळे मिटून घेतले होते आणि कडेने पाणी कानाकडे चाललं होतं. इतकं दुखत असताना ही पोरगी कित्येक दिवस माझ्यासमोर बसून पाव गिळत होती.

"किती दिवस ब्रश केला नाहीस?" डॉक्टरांनी विचारलं.

मीच उत्तर दिलं. "अहो, रोज करते. मी स्वतः बघते ना. ब्रश ओला असतो."

मुलीने डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं. "ओला करून ठेवायचे," ती म्हणाली. "नळाखाली."

माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "का". तोही ओरडूनच निघाला. डॉक्टरांनी हात वर करून मला थांबवलं नसतं तर पुढचंही निघालं असतं.

मग ती बोलली. डॉक्टरांशी नाही, छताकडे बघत, माझ्याशी. पहिल्या रोज्याच्या पहाटे ती सेहरीनंतर दात घासत होती आणि अजान झाली. मी स्वयंपाकघरातून ओरडले होते, "अजान झाली, आता काय घासत बसलीस? रक्त गिळलंस की रोजा गेला." मला हे वाक्य आठवत नाही. आजही आठवत नाही. पण ते माझंच आहे, यात शंका नाही. घाईत, भांडी आवरताना, पोरीने लवकर बाहेर यावं म्हणून फेकलेलं. असली वाक्यं मी दिवसाला दहा फेकते.

तिने मात्र ते उचललं. घासलं की रक्त येतं आणि रक्त गिळलं की रोजा जातो, मग घासायचंच नाही, असा तिने हिशेब लावला. इफ्तारनंतर घासता आलं असतं, पण रात्री घासलं की सकाळपर्यंत तोंडात रक्ताची चव राहायची. सुटीच्या चार दिवसांत तिने घासून बघितलं तर आधीपेक्षा जास्त रक्त आलं, तेव्हा तिला वाटलं की हात न लावलेलाच बरा, आपोआप भरून येईल. मग काही न करताच यायला लागलं. ती दिवसभर थुंकत राहिली. शाळेत रुमालात, तास चालू असताना बाहेर जाऊन बेसिनमध्ये. मैत्रिणींना वाटायचं ही किती कडक रोजा ठेवते, थुंकीपण गिळत नाही. झोपेत गिळलं जाईल म्हणून ती कुशीवर, तोंड उशीकडे करून झोपायची.

"तरीपण गेलं असेल," ती म्हणाली. "सगळेच गेले असतील माझे."

"मग मला सांगायचं नाही का, बाई?"

"तू नानीला रोज फोन करायचीस ना. आज इतके झाले म्हणून."

डॉक्टरांनी बोळा ट्रेमध्ये टाकला. बाहेर कुणीतरी अपॉइंटमेंटसाठी बोलत होतं. 

डॉक्टरांनी सांगितलं ते असं. हिरड्या सडायला लागल्या आहेत. झोप नाही, परीक्षेचं टेन्शन, घासणं बंद, त्यात हे झालं. बरं होईल, पण आज थोडी सफाई, गोळ्या आत्तापासून, खाऊन आणि भरपूर पाणी पिऊन. काही दिवस उपास बंद. मुलगी खुर्चीत उठून बसली. "आत्ता? मगरिबच्या अजानला दोनच तास राहिले. मी इफ्तारनंतर घेते ना गोळी. प्लीज अम्मी."

सगळ्या जगाला भिऊन झाल्यावर ती माझ्याकडेच बघत होती. आणि मी काय केलं ते लपवत नाही. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. दोन तास. एक क्षण मलाही वाटलं की हिचा आजचा पूर्ण होऊ दे. मग खुर्चीच्या शेजारच्या ट्रेमध्ये तो लाल बोळा दिसला, आणि मला माझीच भीती वाटली.

"आजारी माणसाला सूट आहे," मी म्हणाले. "नंतर भरून काढायचा. पी."

"सूट आहे हे तू आधी का नाही सांगितलंस?"

मी ग्लास तिच्या हातात दिला. तिने एकेक घोट घेतला, आणि प्रत्येक घोटाला ग्लासाच्या कडेवरून माझ्याकडे बघत राहिली, मी अजून "थांब" म्हणेन की काय म्हणून.

संध्याकाळी अम्मीचाच फोन आला, कारण मी केला नव्हता. मी सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुजे हिरडीशी पन रगत यायचा लहानपनी. तू मना येऊन दाखवायचीस, आ करून चुलीम्होरं उभी रव्हायचीस. मी मीठ लावायची. तुजे पोरीनं तुला का नाय दाखवला?" तिने टोमणा मारला नव्हता, खरंच विचारलं होतं. मी म्हणाले, दूध उतू जातंय, नंतर करते. गॅसवर काहीच नव्हतं.

नवऱ्याने मशिदीत मौलानांना विचारलं. ते म्हणाले, मुद्दाम गिळलं नाही त्याची काळजी करू नका, आजारात सुटलेले सवडीने ठेवा, आणि मुलीला घाबरवू नका. हे शेवटचं नवऱ्याने मला दोनदा सांगितलं. सुटलेले रोजे तिने थंडीत ठेवले, दिवस छोटे असतात तेव्हा. मी कुणालाही फोन केला नाही.

हिरड्या बऱ्या झाल्या. रंग आला, वास गेला, रक्त थांबलं. पण गेलेली टोकं काही परत आली नाहीत. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, तिथलं परत भरत नाही. खालच्या दातांमध्ये आता दोन छोट्या काळ्या फटी आहेत. दुसऱ्या कुणाच्या लक्षातही येणार नाहीत. ईदला सांदण खाताना चुलतभावाने काहीतरी विनोद केला आणि ती हसली, तर हात आपोआप तोंडावर गेला. अजून जातो. पंधरा वर्षांची मुलगी हसताना तोंड झाकते, आणि सगळे म्हणतात किती लाजाळू झालीय.

मी घाबरट झालेय ते झालेच आहे. अभ्रे उजेडात धरून बघते. ती दोनदा थुंकली की मी कान टवकारते. यंदा रमजान जवळ यायला लागला तशी माझी झोप उडाली. रोजे ठेव म्हणू की नको म्हणू? ठेव म्हटलं तर मागचं आठवायचं, नको म्हटलं तर तिला वाटणार मागच्या वर्षीचे खरंच गेले होते. शेवटी मी काहीच म्हटलं नाही, आणि पहिल्या सेहरीला ती आपली आपण उठून आली.

सेहरी झाली, ती बाथरूममध्ये गेली. अजानला अजून वेळ होता. मी भांडी तशीच ठेवून दाराशी उभी राहिले. नळाचा आवाज, मग ब्रशचा, बराच वेळ ब्रशचा. मग तोही थांबला. ती बाहेर आली, हातात ब्रश. माझा अंगठा सवयीने पुढे गेला.

"ते नको बघू," ती म्हणाली, आणि ब्रश पाठीमागे नेला. मग ट्यूबलाइटखाली माझ्यासमोर उभी राहिली, मान वर केली आणि तोंड उघडलं. "थोडंसं आलंय अम्मी. इथे, डावीकडे."

तिने जीभ बाजूला केली. एवढासा लाल ठिपका होता. मला तोच बाक दिसला, तोच डबा. भीती काही कमी झाली नव्हती.

"रोजा जाईल का?" तिने तोंड उघडं ठेवूनच विचारलं.

माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं, नेहमी असतं. ते मी गिळलं.

"थुंक," मी म्हणाले. "चूळ भर. आणि परत ये, परत दाखव."

ती आत गेली. मी दाराला धरून उभी राहिले आणि ती परत येईपर्यंत तिथून हलले नाही.